मूळ फोटो पण पाठव

ताईंनी फोनवर "बघते" म्हटलं की मी हातातलं काम बाजूला ठेवायचो. "छापते" म्हटलं तर समजायचं, फाईल पास झाली. पण "बघते" म्हटलं की तासाभरात पुन्हा फोन वाजणार आणि पलीकडून शांत आवाजात, एकदाही न चिडता, माझ्या कामातल्या चुका निघणार. चिडायचं काम मी करायचो. माझा राग पहिल्यापासून नाकाच्या शेंड्यावर. बायको म्हणते, तुमच्या नाकावर रागानं घर बांधलंय आणि घरपट्टी मी भरतेय.

माझं गाव बेल्हे, पण दुकान कळंबला, हायवेच्या कडेला. वडील बेल्ह्याच्या बाजारात गुरांचे व्यापारी होते. मला गुरांतलं काही कळलं नाही, कॉम्प्युटरमधलं कळलं. लग्नपत्रिका, हँडबिल, वाढदिवसाचे फ्लेक्स, बियाण्याच्या पिशव्यांची लेबलं, सगळं मी करतो. करतो म्हणजे डिझाईन करतो. छापायचं काम माझ्याकडं नाही. कागदावर छापायचं असेल तर माझी फाईल जाते मंचरच्या एका ऑफसेट छापखान्यात. तिथं मालक आहेत, मशीनवर माणसं आहेत, पण फाईल सगळ्यात आधी जाते ताईंच्या पुढ्यात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय छपाईची पत्र्याची प्लेट निघत नाही, आणि प्लेट निघाल्याशिवाय मशीन हलत नाही.

ताई पन्नाशीच्या पुढच्या. त्या छापखान्यात आल्या तेव्हा पानं घडी घालायला आल्या होत्या. मग बाइंडिंग, मग कॉम्प्युटर आला तेव्हा तो शिकायला बाकी कुणी तयार नव्हतं म्हणून त्या बसल्या, त्या बसल्याच. एसीच्या खोलीत उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर, चष्मा कपाळावर आणि गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग. त्यांनी आयुष्यात एक डिझाईन केलेलं नाही. दुसऱ्यानं केलेलं छापून कसं दिसेल, एवढंच त्या बघतात. स्क्रीनवर सगळं झकपक दिसत असतं, आणि त्या मात्र कागदावर आल्यावर काय बोंब होणार आहे ते आधीच बघून बसलेल्या असतात.

आमचं पहिल्याच कामाला वाजलं होतं. काम माझ्याच घरचं होतं, आईच्या प्रथम पुण्यस्मरणाचं कार्ड. आईचा एक फोटो होता माझ्या मोबाईलमध्ये, गोठ्यापुढं उभी असतानाचा. घामेजलेली, पदर डोक्यावरून घसरलेला. मी दोन दिवस बसून तो फोटो घासूनपुसून लख्ख केला. मागचा गोठा काढला, निळसर पडदा टाकला, चेहरा उजळवला. फाईल पाठवली आणि ताईंचा फोन आला.

"फोटो साफ केलास ना?"

"केला. का?"

"मग मूळ फोटो पण पाठव."

"कशापायी? छापायचा हाय तो हाच हाय."

"छापीन हाच. पण मूळ पण पाठव. माझा नियम हाय त्यो, सगळ्यांना."

मी ओठ चावत पाठवला. मनात म्हटलं, या बाईचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. कार्ड सुरेख छापून आलं. तोच फोटो मोठा करून, चौकट करून मी दुकानात काउंटरच्या वर लावला. गिऱ्हाईक बघायचं आणि म्हणायचं, "राव, आई लई देखणी व्हती." मला बरं वाटायचं. आईचं कौतुक होतं तेवढंच माझ्या हाताचं पण होतं ना.

नंतरच्या वर्षांत ताईंनी मला किती शिकवलं ते सांगायला बसलो तर माझीच लाज निघेल. पत्रिकेच्या कडेपर्यंत मी जांभळा रंग भरलेला, आणि ताई म्हणणार, "रंग कागदाच्या कडेला थांबवलास. कापताना सुरी केसभर सरकली की पांढरी चीर दिसंल. तीन मिलिमीटर भाईर जाऊ दे." काळ्या अक्षरांत मी नकळत चारही रंग मिसळलेले, तर म्हणणार, "अक्षर निस्तं काळ्या प्लेटवर ठेव. चार रंगांच्या चार प्लेटा थोड्या हलल्या की आमंत्रण देणाऱ्याच्या नावाला भूत चिकटल्यावानी दिसतं." एकदा एका तरुण मंडळाच्या हँडबिलाचा निळा मी स्क्रीनवर असा काही कडक निवडला होता की माझाच मला अभिमान वाटला. ताई म्हणाल्या, "ह्यो निळा स्क्रीनच्या उजेडाचा हाय, शाईचा न्हाई. कागदावर वांग्याचा रंग येईल. पोरं मारतील तुला." मी भांडलो. त्यांनी मुकाट्यानं एक कागद छापून पाठवला. वांग्याचाच रंग होता.

आणि त्यांनी कधी हे मालकाला सांगितलं नाही की गिऱ्हाईकाला सांगितलं नाही. चूक माझ्या कानात पडायची आणि तिथंच राहायची. लोकांना वाटायचं, कळंबच्या त्या दुकानाचं काम लई चोख असतं.

आता मूळ गोष्टीकडं येतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

आमच्या फ्लेक्सवाल्यांच्या हाताला एक खोड असते. कुणाचाही चेहरा समोर आला की आधी गोरा करायचा, मग डाग काढायचे. मुरूम, तीळ, देवीचे व्रण, सुरकुत्या, एकेक टिपून घ्यायचं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा भाऊ ऊसतोडीच्या रानात उभा असला तरी फ्लेक्सवर तो दुधातनं काढल्यासारखा दिसला पाहिजे, नाहीतर त्याचे मित्र म्हणतात, आमच्या भाऊला काळं केलं. त्यामुळं हात आपोआप चालतो. जेवताना जसं आपण खडा बाजूला काढतो, त्यात विचार नसतो.

एका दुपारी दुकानात नर्सबाई आल्या. कळंबच्याच. नोकरी सगळी मढच्या बाजूला, डोंगरातल्या दवाखान्यांत झालेली, आता रिटायर होऊन गावी राहतात. आमच्या भागातल्या निम्म्या पोरांना सुया त्यांनी टोचल्यात, त्यामुळं त्या दुकानात शिरल्या की दंड आपोआप दुखतो. त्यांच्या हातात एक शाळेची वही होती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत, पुठ्ठ्यांच्या मध्ये धरलेला एक फोटो.

"भाऊ, आईला वर्ष व्हतंय," त्या म्हणाल्या. "पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पुस्तक काढायचंय. तिची गाणी हायेत. जात्यावरची, मग नंतरची, बुद्धवंदना शिकल्यावर तिनं स्वतः जुळवलेली. मी लिहून घेतली व्हती."

मी वही चाळली. नर्सचं अक्षर, औषधाच्या चिठ्ठीसारखं नाही, अगदी टपोरं. मी म्हटलं, करू की, चोवीस पानांचं होईल.

"कव्हरवर आई पायजे," त्या म्हणाल्या. "हे पुस्तक मी आमच्या वस्तीतल्या बायांना देणार हाय, तिच्यासंगं गायच्या त्या. त्यातल्या लई जणींना वाचता येत न्हाई. त्या आतलं काय बघणार? त्या कव्हर बघतील. तिथं त्यांना आई दिसली पायजे, म्हंजी झालं. मला दुसरं काय बी नको."

मग त्यांनी फोटो काढला. त्यांच्या नर्सिंगच्या शपथविधीचा होता, पाच-सहा मुली पांढऱ्या कपड्यांत आणि कडेला नर्सबाईंची आई, नऊवारीत, हात कुठं ठेवावेत ते न कळून दोन्ही हात पोटाशी धरलेली. चेहरा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. "आईचा एवढा एकच फोटो," नर्सबाई म्हणाल्या. आधार कार्डावरचा एक आहे, पण त्यात ती घाबरल्यासारखी दिसते, तो नको. मी म्हटलं, फोटो ठेवून जा. त्यांनी पिशवी छातीशी धरली. "न्हाई. माझ्यासमोर काय काढायचा तो काढ." मग मी काउंटरवरच मोबाईलनं त्याचा फोटो काढला आणि त्यांनी मूळ फोटो पुन्हा पुठ्ठ्यात घालून नेला.

मी मनापासून काम केलं, हे खोटं नाही. गाणी टाइप करताना दोनदा डोळे भरून आले. एका गाण्यात ती लेकीला सांगते की तुझ्या पांढऱ्या कपड्यांना मी चुलीचा धूर लागू देत नाही. असलं वाचलं की माणूस कामात जीव ओततो. कव्हरसाठी मी त्या ग्रुपमधनं आईचा चेहरा कापून घेतला आणि ताणून पानभर केला. तो फाटायला लागला, म्हणून सॉफ्टवेअरनं गुळगुळीत केला. मग हात चालला. गोरं केलं, डाग काढले. आणि शेवटच्या पानावर तो अख्खा ग्रुप फोटो, लहानसा, जसाच्या तसा टाकून दिला. फाईल मंचरला गेली. मोबाईलनं काढलेला मूळ फोटोही जोडला, नियम म्हणून. फोनवर ताईंना सांगितलं, पुस्तक वाचता न येणाऱ्या बायांना द्यायचंय.

"बघते," ताई म्हणाल्या.

तासाभरात फोन. "कव्हरवरची बाई कोण?"

"शेवटच्या पानावर हायेत त्याच. गाणी त्यांचीच हायेत."

"शेवटच्या पानावरच्या बाईच्या हनवटीवर तीन ठिपके हायेत. कव्हरवरच्या बाईच्या न्हाईत."

मी कव्हर उघडलं. खरंच नव्हते. मला ते पुसल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. पण कबूल करायचं म्हणजे जीव जातो की नाही? मी म्हटलं, "ताई, फोटो जुना हाय. बुरशीचे डाग असतात जुन्या फोटोवर."

"असतात की. पण बुरशी अशी सारख्या अंतरावर, तीन टोकं धरून बसत न्हाई. गोंदण हाय ते. अन् दुसरं, चेहरा तू लई ताणलास. छापल्यावर मेणाचा वाटंल. तो कागदावरचा फोटो घेऊन ये माझ्याकडं, मी स्कॅन करते."

झालं. तळपायाची आग मस्तकात. कारण फोटो आणायचा म्हणजे नर्सबाईंना सांगायला लागणार, की बाई, तुमच्या आईची हनवटी मी पुसली. मी ओरडलोच फोनवर. "तुमी छापा ताई! जबाबदारी माझी. गिऱ्हाईक माझं हाय, आई त्यांची हाय, तुमाला कशाला पंचाईत?"

पलीकडून तोच शांत आवाज. "बायांना वाचता येत न्हाई असं तूच मला सांगितलंस मघाशी. मग त्या काय वाचणार हायेत, सांग की. मी प्लेट काढत न्हाई." आणि फोन ठेवला.

मी इतका पेटलो की माझ्या साध्या प्रिंटरवर कव्हर काढलं आणि मोटारसायकलला किक मारली. म्हटलं, नर्सबाईच पास करतील, त्यांची सही आणतो आणि नेऊन आपटतो ताईंच्या टेबलावर. बघू मग कशी प्लेट काढत नाहीत.

नर्सबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी कागद घेतला. बराच वेळ बघितला. लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाल्या, "लई छान केलंस भाऊ. लई मेहनत घेतलीस."

मी म्हटलं, "मग छापू?"

"छाप की." आणि कागद परत द्यायच्या ऐवजी त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि हनवटीच्या जागेवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. कागदावर काहीतरी चिकटलंय आणि ते निघालं की खालचं दिसेल, असा. मग त्यांच्याच्यानं राहवलं नाही. "हितं... तीन टिपके व्हते रे, गोंदणाचे. मी एक-दोन-तीन म्हणायला तिथंच शिकले. आई भाकरी करायची, मी मांडीवर, अन् बोट लावून मोजायची. तीनच्या म्होरं शाळेत शिकले." त्या हसल्या. "धम्मात आल्यावर तिनं समदं सोडलं. देव्हारा सोडला, उपास सोडले. एकदा मी नर्सच्या तोऱ्यात म्हटलं, गोंदण पण काढता येतं आता. तर म्हणाली, ते देवाचं न्हाई ग, ते माझ्या आईनं हात धरून गोंदवून घेतलं, ते मी मरंपर्यंत माझं. जाऊ दे. तू तरी काय करशील, फोटोच जुना. छाप तू."

फोटो जुना! बाईंनी माझी चूक फोटोवर घातली, आणि मी तेच तर ताईंना सांगून आलो होतो. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी त्यांच्या ओट्यावर खाली बसलो आणि म्हटलं, "मावशी, फोटो जुना न्हाई. मी पुसले. डाग म्हणून पुसले, सवयीनं. मंचरला एक बाई हाय, तिनं पकडलं. ती प्लेट काढंना. तुमी फोटो घेऊन चला माझ्यासंगं."

त्या उठून आत गेल्या, पुठ्ठे घेऊन आल्या आणि पायात चपला घातल्या. गाडीवर बसताना एवढंच विचारलं, "तिनं आईला कधी बघितली व्हती?"

"कधीच न्हाई," मी म्हटलं.

छापखान्यात ताईंनी मला एक शब्द लावला नाही. जणू मी तासाभरापूर्वी ओरडलोच नव्हतो. त्यांनी नर्सबाईंना आपल्या खुर्चीत बसवलं, फोटोच्या कडा दोन बोटांत धरून स्कॅनरवर ठेवला आणि स्क्रीनवर चेहरा मोठा केला. तीन ठिपके निळसर, स्पष्ट. कपाळावर घामाची चमक, एका डोळ्याशी केसांची बट. मी आधी काढलेल्या फोटोत यातलं निम्मं नव्हतंच. मग ताईंनी गळ्यातलं भिंग काढून नर्सबाईंच्या हातात दिलं आणि मूळ फोटो पुढं केला. "आता ह्यातनं बघा." नर्सबाई भिंगावर वाकल्या आणि वाकूनच राहिल्या. ताई उभ्या होत्या, मशीन खडखडत होतं, घाई कुणालाच नव्हती.

"हिचा फोटो पानभर व्हणार न्हाई," ताई नंतर म्हणाल्या. "दोन इंच व्हईल. त्याच्या म्होरं ताणला तर चेहरा खोटा व्हतो. फोटो जेवढा पेलंल तेवढाच मोठा करायचा."

मी म्हटलं, एवढ्या कव्हरवर दोन इंचांचा फोटो? मोकळं मोकळं वाटंल.

"वाटू दे. मोकळ्या जागंत नजर नीट जाती."

कव्हर निळं केलं. निळा ताईंनी स्वतः मिसळला, शाईचा निळा, वांग्याचा नाही. मध्ये दोन इंचांची आई, हात पोटाशी, आणि खाली नाव. बाकी काही नाही. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात साधं कव्हर, आणि त्यातलं मी काहीच केलेलं नव्हतं. पण सांगतो, त्याच्याइतकं देखणं काम माझ्या दुकानातून ना आधी गेलं ना नंतर.

कार्यक्रमाला मी गेलो होतो. वंदना झाली, खीर झाली, मग नर्सबाईंनी एकेकीच्या हातात पुस्तक दिलं. म्हाताऱ्या बाया, काहींचे डोळे गेलेले. एकीनं पुस्तक उलटं धरलं होतं. शेजारणीनं ते सुलटं करून दिलं. तिनं डोळे बारीक केले, बोट फोटोतल्या हनवटीवर नेऊन टेकवलं आणि म्हणाली, "अगं, ही तर बसलीय हितं!" आणि गाणंच धरलं. पुस्तकातलंच गाणं होतं ते, पुस्तक न उघडता. मग दुसरीनं, तिसरीनं. मी मंडपाच्या खांबाला धरून उभा होतो, मला काही दिसेना.

त्या संध्याकाळी दुकान उघडलं आणि नजर काउंटरच्या वर गेली. माझी आई. निळसर पडदा, गोरा चेहरा, दोन्ही भुवया कशा कोरून काढल्यासारख्या.

दोन्ही?

आईच्या भुवईवर वण होता. वडिलांनी बाजारातनं कालवड आणलेली, ती सोडताना तिनं मान झटकली आणि शिंग आईच्या भुवईत घुसलं. टाके पडले होते. भुवई तिथं तुटली ती तुटलीच, केस पुन्हा आलेच नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं, मी दुसरीत होतो. मी खुर्चीत बसलो आणि आठवायला लागलो, कोणती भुवई? डावी? आईला समोर उभी केली मनात, तर ती आली ती अशीच, चौकटीतली, डाग नसलेली. इतकी वर्षं रोज तीच बघत होतो ना. बायकोला फोन केला, ती म्हणाली उजवी. बहिणीला केला, ती म्हणाली डावी असंल, मग म्हणाली, थांब, न्हाई, उजवीच... आणि रडायला लागली. मूळ फोटो ज्या मोबाईलमध्ये होता तो विहिरीत पडून वर्षं झाली होती. कॉम्प्युटरमध्ये मी साफ केलेलाच तेवढा, मूळच्या डोक्यावर सेव्ह केलेला. स्वतःच्या हातानं. दोन दिवस बसून.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्याचं शटर वर जायच्या आधी मी दारात उभा होतो. ताई आल्या, स्वेटर हातात, डबा हातात. माझं तोंड बघून म्हणाल्या, "काय रे, काय झालं?"

मी म्हटलं, "ताई, आईचं कार्ड केलं व्हतं. पयलं काम. तुमी तवा मूळ फोटो मागितला व्हता..."

त्यांनी पुढचं विचारलं नाही. कपाटातनं एक डिस्क काढली, वर पेनानं वर्ष लिहिलेलं. जोडली. गावांच्या नावांचे फोल्डर, त्यात कळंब, त्यात माझी त्या वर्षीची सगळी कामं, एकूण एक, पहिल्यापासून. आणि सगळ्यात वर, दोन फायली. एक साफ केलेली. एक मूळ.

ताईंनी मूळ उघडली.

गोठा होता मागं. पदर घसरलेला. घाम. आणि डावी भुवई मधोमध तुटलेली, पांढरा वण कपाळाकडं चढत गेलेला. डावी. आईची डावी भुवई होती ती.

मी लहान पोरासारखा रडलो, तिथंच, एसीच्या खोलीत. ताईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि स्क्रीनकडंच बघत राहिल्या, म्हणजे मला तोंड लपवायला नको. माझी आई त्यांच्या कपाटात इतकी वर्षं जशीच्या तशी होती, आणि मी या बाईला कितीदा ओरडलो होतो. मी म्हटलं, "ताई, चुकलो मी." त्या म्हणाल्या, "चुकतात की सगळेच. म्हणून तर मागून ठेवते."

मग नेहमीच्या कामाच्या आवाजात त्यांनी विचारलं, "छापायचा का? केवढा करू?"

"जेवढा पेलंल तेवढा."

"अन् ह्यो घाम, मागचा गोठा..."

"ऱ्हाऊ द्या, ताई," मी म्हटलं. "काय बी पुसू नका."